हाकेचा क्रूस

धारवल्याच्या खाडीवर गेलात तर तिथला दगडी क्रूस तुम्हाला पाठमोरा दिसेल. गावातून येणारी वाट त्याच्या पाठीशी येऊन संपते. मेणबत्तीचा कोनाडा, हार अडकवायचा खिळा, दगडात कोरलेली अक्षरे, सगळे पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला. बाहेरगावचा माणूस हटकून म्हणतो, गवंड्याने उलटा बसवला वाटते. गावकरी त्यावर हसत नाहीत आणि रागावतही नाहीत. "पुढून बघायचाय? मग उतरा खाली," एवढेच सांगतात. भरतीला गुडघाभर पाणी, ओहोटीला घोटाभर चिखल. पाय भिजवल्यावाचून या क्रूसाचे तोंड कुणाला दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच तो मुद्दाम फिरवला आहे, असे सांगतात.

समोर हाकेच्या अंतरावर एक जुवे आहे. खाडीतल्या बेटाला इकडे जुवे म्हणतात. बोरी आहेत, तिवरे आहेत, बगळे आहेत, माणूस नाही. तिथे कुणी गुरे चारत नाही, तिथले सरपणही आणत नाही. धारवल्याची माणसे एरवी मोठ्या आवाजाची. बाजारात वांग्यांचा भाव सांगतील तर पलीकडच्या गल्लीतले गिऱ्हाईक दचकेल, अशी आसपासची गावे त्यांची थट्टा करतात. पण या काठावर आली की हीच माणसे हळू बोलतात.

गोष्ट गाठीच्या तापाच्या वर्षाची आहे, आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्यांच्या वेळची. ताप गावात शिरला तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हातारे पाद्रीबाबा गेले. वाटा बंद झालेल्या, त्यामुळे दुसरे कुणी आले नाहीत. मिस्सा नाही, कुमसार म्हणजे पापांची कबुली ऐकायला कुणी नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला तेल लावायला कुणी नाही. चर्चची चावी आणि घंटेचा दोर तेवढा बावतीसच्या हाती राहिला. बावतीस घंटा वाजवायचा आणि सणासुदीला लदाईन म्हणायचा. लदाईन म्हणजे एकाने एकेका संताचे नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी दर नावाला 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', म्हणायचे. माणूस साधा, पण कानाचा असा तिखट की वाऱ्यावर आलेली घंटा कुठल्या गावची हे डोळे मिटून सांगे, म्हणे.

पाद्री नाहीत म्हटल्यावर लोक सल्ल्याला त्याच्याकडे येऊ लागले, आणि त्याने चार जाणत्यांना बसवून नियम केला. ज्याच्या अंगात गाठ निघेल त्याला जुव्यावरच्या झोपड्यांत ठेवायचे. जो जुव्यावर पाऊल टाकेल त्याने चाळीस दिवस परत यायचे नाही, मग तो आजारी असो की धडधाकट. एका लहान होडीला दोन्ही काठांवरून दोर बांधला. इकडून पेजेची मडकी ठेवायची, तिकडच्यांनी ओढून घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा इकडे खेचायची. आणि रोज संध्याकाळी बावतीसने क्रूसापाशी उभे राहून लदाईन म्हणायची. संतांची नावे झाली की पलीकडच्या आजाऱ्यांची नावे घ्यायची. ज्याचे त्याने तिकडून ओ द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही तर त्या नावाची घंटा वाजवायची.

नियम वाईट नव्हता. त्याने गाव वाचले असे म्हणणारेही आहेत. पण तो करताना तो आपल्याच घरात येईल हे बावतीसच्या ध्यानीमनी नव्हते. सहाव्या दिवशी त्याच्या बायकोच्या, कातरीनच्या काखेत गाठ आली.

त्याने तिला स्वतः उचलून होडीत बसवले. ती रडली नाही. लदाईनीत तिचाच आवाज सगळ्यांच्या वर चढायचा, तो त्या दिवशी अगदी बारीक झाला होता. "माझं नाव शेवटी घ्यायचं," ती म्हणाली. "घंटावाल्यानं आपल्या बायकोला आधी हाक मारली तर लोक काय म्हणतील?" दोर ताणला गेला आणि होडी पलीकडे गेली. बावतीस काठावर उभा राहिला.

जुव्यावर एकंदर बारा जण नेले होते. पहिल्या दहा दिवसांत दोन नावांना ओ आली नाही, दोनदा घंटा वाजली. त्यानंतर मात्र नवल घडले. उरलेल्या दहाच्या दहा नावांना रोज ओ येऊ लागली. दुमिंग तांडेलाची खर्जातली ओ, मागोमाग त्याच्या बायकोची, पेद्रू म्हाताऱ्याची खोकल्यात अडकलेली, इनासच्या नव्या सुनेची लाजरी, आणि सगळ्यात शेवटी कातरीनची. एक आठवडा गेला, दोन गेले. एकही नाव गळले नाही. देवाने ऐकले, गाव म्हणाले. पाद्री नसताना नुसत्या लदाईनीने ताप हटला, हे केवढे! लोकांनी क्रूसाला झेंडूच्या माळा घातल्या, गुडघे टेकून आभार मानले आणि पाय न भिजवता घरोघर गेले. हाक मारली, ओ आली, आपले कर्तव्य झाले, असे सगळ्यांना मनापासून वाटत होते. आजही गावातली माणसे हे सांगताना खाली बघतात.

रुझायमाय तेवढी माळ घालायला गेली नाही. ही गावची सुईण, सत्तरीची बाई, अर्ध्या गावाला तिने पहिल्यांदा हातात धरलेले. ती एका संध्याकाळी बावतीसच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अरं बावतीस, जुव्यावर धूर एकच का निघतो रं?"

"एकत्र रांधत असतील, माय."

"इनासची सून आणि दुमिंगची बायको एका चुलीवर? जन्मात कधी जमलं नाय त्यांचं."

"आजारपणात जमत असेल."

म्हातारी निघून गेली. बावतीसने लदाईन सुरू केली. त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा नीट कान दिला, असे सांगतात. दुमिंगची ओ आली, अगदी दुमिंगची. पण तिच्या आधी एक लहानशी धाप होती. पाण्यात उडी मारण्याआधी माणूस घेतो तेवढीच. पेद्रूची ओ आली, तिच्याही आधी तीच धाप. सुनेच्या ओला तीच. ती धाप बावतीसच्या ओळखीची होती. वीस वर्षे लदाईनीत त्याच्या उजव्या हाताला उभी राहून प्रत्येक 'ओरा प्रो नोबिस'च्या आधी कातरीन ती घेत आली होती.

बाकीच्या नऊ जणांपैकी कुणीच उरले नव्हते. मेलेल्यांच्या मधोमध उभी राहून त्याची एकटी बायको सगळ्यांच्या आवाजात ओ देत होती.

आता इथे बावतीसला पाण्यात झेप घेताना दाखवले तर गोष्ट ऐकायला बरी लागेल. पण धारवल्यात ती तशी सांगत नाहीत. बावतीस घरी गेला, दार लावून बसला. सांगितले तर गाव हबकेल, कदाचित पेजही थांबेल, असे त्याने स्वतःला समजावले. नियम आपणच केला, आपणच मोडला तर कोण पाळेल, असेही समजावले. खरे एवढेच की त्याला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दहा नावे घेतली, आणि दहा वेळा ती धाप ऐकली. तिसऱ्या दिवशीही. असे नऊ दिवस तो सगळे जाणून हाका मारत राहिला, आणि गाव त्याच्या मागे गुडघे टेकून देवाचे आभार मानत राहिले.

दहाव्या दिवशी सकाळी पेजेची होडी पलीकडे ओढली गेली नाही. भरलेली मडकी तशीच काठाशी डुलत राहिली. उशिराने भूक लागेल त्यांना, लोक म्हणाले.

संध्याकाळ झाली. वारा पडला होता, खाडीचे पाणी ओहोटीला लागलेले. बावतीसने संतांची नावे संपवली आणि पहिले नाव घेतले.

"दुमिंग!"

ओ आली. मोठी, खर्जातली. तिच्या आधी धाप नव्हती.

त्याने पेद्रूला हाक मारली. ओ आली, खोकला होता, धाप नव्हती. सुनेचे नाव घेतले. ओ आली, ती तिवरांच्या पार पलीकडच्या टोकाकडून. एकेक नाव, एकेक ओ, आणि दरवेळी निराळ्या जागेवरून, जणू जुव्यावर नऊ माणसे नऊ ठिकाणी उभी होती. बगळे झाडांवरून उठले आणि आवाज न करता गावाकडे उडाले. मागे बसलेल्या बायांपैकी कुणाला काही कळले नाही. त्या रोजच्यासारखी क्रूसाची खूण करत होत्या.

"कातरीन!"

ओ आली नाही.

"कातरीन!"

पाणी तेवढे वाजत होते.

तिसरी हाक त्याने काठावरून मारलीच नाही. ती मारताना तो छातीभर पाण्यात होता. पेजेचे एक मडके डोक्यावर धरून तो खाडी ओलांडून जुव्यावर चढला. चर्चची चावी मागे क्रूसाच्या पायथ्याशी पडली होती.

जुव्यावर ओळीने अकरा मातीचे उंचवटे होते. प्रत्येकावर बोरीच्या काटक्यांचा क्रूस रोवलेला. झोपड्यांत कुणी नव्हते. कातरीन शेवटच्या उंचवट्यापाशी कुशीवर पडली होती. डोळे उघडे, श्वास चाललेला. ताप तिचा कधीच उतरला होता. जागरणाने, मातीच्या कामाने आणि ओरडण्याने ती संपत आली होती. त्याने तिला मांडीवर घेतले, पेज बोटाने ओठांना लावली. बऱ्याच वेळाने ती बोलली, पण आवाज नव्हता, नुसता वारा होता. त्याला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"पहाटेच घसा गेला," ती म्हणाली. "आज कुणालाच ओ देता आली नाही. घंटा नाही वाजवलीत?"

"आज सगळ्यांनी ओ दिली," तो म्हणाला. "फक्त तू नाही दिलीस."

कातरीनने त्या उंचवट्यांकडे बघितले. ती घाबरली नाही, असे सांगतात. त्यांची घंटा वाजून गाव खचू नये म्हणून तीन आठवडे ती त्यांच्या वतीने बोलली होती. एक दिवस ते आपले आपण बोलले, आणि तिचे नाव तेवढे त्यांनी मोकळे सोडले. ते का, हे तिला बावतीसच्या आधी उमगले असावे.

मग तिने विचारले, "माझा आवाज ओळखला नव्हता?"

"ओळखला होता."

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

ती पुढे काहीच बोलली नाही. तिने तोंड फिरवले नाही, की त्याचा हातही धरला नाही. बावतीस म्हातारा होऊन मरेपर्यंत सांगायचा की पुढच्या आयुष्यात पाद्रीबाबांकडे तो अनेकदा कुमसार झाला, पण त्या शांततेएवढे जड काही त्याच्या वाट्याला आले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी गाव क्रूसापाशी जमले. लदाईन म्हणायला कुणी नव्हते. चावी पडलेली, बावतीसचा पत्ता नाही. तेवढ्यात जुव्यावरून त्याचा आवाज आला.

"अकराजण गेले! कातरीन आहे! मला नऊ दिवस ठाऊक होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही!"

मग पलीकडून पुन्हा आवाज आला. या वेळी बावतीस नावे घेत होता, पण ती आजाऱ्यांची नव्हती. तो गावातल्या एकेका घराला हाक मारत होता. पहिले नाव त्याने रुझायमायचे घेतले.

"ओ!" म्हातारी म्हणाली. "आले रं बाबा!"

तिने लुगडे वर खोचले, हातातला गुळाचा खडा बळासाठी तोंडात धरला आणि ओहोटीच्या चिखलात उतरली. सत्तरीची बाई, कमरेइतक्या धारेतून एकटी चालत गेली. काठावरचे लोक बघत राहिले. पुढचे नाव इनासचे होते. त्याची सून त्या मातीखाली होती. इनासने ओ दिली तेव्हा तो आधीच पाण्यात होता, असे सांगतात. अंधार पडायच्या आत गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी जुव्यावर पोचले होते. त्यांनी अकरा जणांसाठी राहिलेल्या प्रार्थना म्हटल्या, कातरीनला पेज पाजली, आणि नियम पाळून चाळीस दिवस तिथेच काढले. त्यांच्यापैकी एकालाही गाठ निघाली नाही म्हणे. निघाली असती तरी काय, रुझायमाय नंतर म्हणायची.

कातरीन जगली, पण लदाईनीत तिचा आवाज पुन्हा कधी चढला नाही. बावतीसने परत आल्यावर पहिले काम केले ते क्रूसाचे. आठ माणसे लावून त्याने तो मुळासकट फिरवला आणि त्याचे तोंड जुव्याकडे केले. ज्याला आभार मानायचे त्याने पाय भिजवून मानावेत, असे तो म्हणाला.

आजही दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सूर्य कलला की सगळे धारवले तिथे पाण्यात उभे राहते. लदाईन होते. मग ती बारा नावे पुकारतात, एकामागून एक, कातरीनचे शेवटी. अकरा नावांना ओ येते. ती गावच देते, असे नवे फादर पाहुण्यांना समजावून सांगतात. गावकऱ्यांना बाजूला घेऊन विचारा. ते म्हणतात, आम्ही कुठे तोंड उघडले?

कातरीनच्या नावाला मात्र ओ येत नाही. एक हाक होते, दुसरी होते. तिसरी कुणी मारत नाही. तेवढ्यात बाया पेजेची मडकी उचलतात, पुरुष विजार झटकतात आणि सगळे वेगवेगळ्या वाटांनी गावात जातात. जे म्हातारे, जे आजारी, ज्यांचे दार दोन दिवस उघडलेले दिसले नाही, त्यांच्या घरी. ओल्या पायांनीच जायचे आणि दारातून हाक मारून परतायचे नाही, आत जायचे, अशी रीत आहे. त्या संध्याकाळी धारवल्यात फिरलात तर घराघरांच्या उंबऱ्यावर चिखलाची पावले दिसतील. सकाळपर्यंत ती कुणी पुसत नाही.