धुरपाणीचा पहिला घोट

सातपुड्यात धुरपाणी नावाचा ओढा आहे. पाणी नितळ, वास कसलाच नाही. मग हे नाव कसे, असे येणारा प्रत्येक जण विचारतो. गावचे म्हातारे नुरजी पावरा पाहुण्यांना आधी काठावरच्या खडकावर बसवतात आणि मग सांगू लागतात.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर तेव्हा दोन पाडे होते, म्हणे, आणि त्यांचे जुने वैर होते. अलीकडच्या पाड्याचा नाईक खात्र्या. त्याची थोरली बहीण वेस्ती पलीकडे दिलेली. माणसे मारून दोन्ही पाडे थकले, तेव्हा तिनेच तहाची बोलणी जुळवली. तहासाठी खात्र्याने स्वतः भट्टी लावली. मोहाच्या फुलांत औषधी मुळ्या घातल्या. तह होईपर्यंत थेंबही चाखणार नाही, असा नवस केला. पण दिवस जवळ आला तसा त्याने घाईने जाळ वाढवला.

सगळे या खडकापाशी जमले. दारूची पारख वेस्तीची. तिने बरी म्हटल्याशिवाय कोणी द्रोण उचलत नसे. तिने घोट तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला.

"मुळ्या करपल्या, भाऊ. नुसता धूर लागतोय. तहाला ही नको, दुसरी काढ."

पलीकडचे हसले. भरल्या पंगतीत आपली लाज गेली, एवढेच खात्र्याला कळले.

"तू त्यांचीच झालीस," तो म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड चालवली.

वेस्ती जागच्या जागी कोसळली. मग तीर सुटले, कोयते चालले. व्याही व्याह्याच्या नरड्याला लागला. पळणाऱ्यांना पाण्यात गाठून मारले. ओढा लाल झाला, असे सांगतात.

मांडीत तीर घुसलेला खात्र्या मडक्यापाशी सरपटत आला. घसा सुकला होता आणि ओढ्याचे पाणी पिण्याजोगे उरले नव्हते. त्याने नवस मोडून घोट घेतला. मुळ्यांचा कडवटपणाही नाही, नुसता धूर. त्याने सगळी दारू ओढ्यात ओतून दिली.

समोर वेस्तीचा मुलगा दमण्या धनुष्य ताणून उभा होता.

"तुझी आई खरं बोलली," खात्र्या म्हणाला. "दारू मीच बिघडवली."

दमण्याने ते ऐकून घेतले आणि तीर सोडला. उरलेल्यांचा तह पुढे त्यानेच केला, म्हणे.

आजही धुरपाणीला भट्टी लावणारा पहिला घोट स्वतः घेतो आणि आपले काय चुकले ते चारचौघांत सांगतो. दारू उत्तम उतरली तरी काहीतरी सांगावेच लागते. त्या वेळी कोणी हसत नाही.