हैबतीचं सोमवारचं इंजेक्शन

तांबवाडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द तोंडावर वापरायचा, पाठीमागं दुसरा होता. सांगितलेलं सगळं त्याच्या लक्षात राहायचं. ते कुठं वापरायचं, तेवढं राहायचं नाही.

गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळायचं त्याचं काम. मालकानं एकदा सांगितलं होतं, "गूळ झाला का चाखून बघत जा." तेव्हापासून वीस वर्षं तो चाखत होता. वजन झालं एकशे सहा किलो, आणि दोन्ही गुडघे बसले. उभं राहवेना. मालक म्हणाला, "दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागंल. तवर पायावर उभा राहिलास तर काम तुझं. न्हाईतर दुसरा गडी बघतो."

तालुक्याचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आधी वजन नव्वदच्या आत आणा. मग गुडघे बदलू." त्याच रस्त्यावर डॉक्टर नाझरेबाईंचा दवाखाना. त्या वजन उतरवायचं इंजेक्शन द्यायच्या. होळी झाल्यावर हैबती तिकडं गेला. बायको चांगुणा बरोबर होती. ती नसली तर तो कुठल्या एस्टीत बसेल याचा नेम नव्हता.

बाईंनी पेनासारखं इंजेक्शन दाखवलं. "दर सोमवारी एक. पोटावर टोचायचं. चार-पाच महिने लागतील."

हैबतीनं सोमवारी टोचलं. दुपारी रोजच्यासारख्या पाच भाकरी आणि पातेलंभर आमटी खाल्ली. दिवस मावळायच्या आत सगळं परत आलं.

"अहो हैबतराव, या औषधानं मळमळतंच," बाई म्हणाल्या. "एकदम नाही घ्यायचं. थोडं थोडं घ्यायचं, दिवसातनं सहा वेळा."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

ठेवलं. पुढच्या सोमवारी त्यानं इंजेक्शन थोडं थोडं घेतलं. सकाळी जरासं, न्याहरीनंतर जरासं, असं दिवे लागेपर्यंत सहा वेळा. भाकरी मात्र पाचच्या पाच, एका बैठकीत.

"पोट हाय का चाळण?" चांगुणा म्हणाली.

"एकदम घेतलं की मळमळतं," हैबती म्हणाला. आणि परसात पळाला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जेवण थोडं थोडं. इंजेक्शन एकदम. सोमवारी टोचायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, संपलं. मग आठवडाभर त्याचं नाव काढायचं नाही."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

आता जेवण चांगुणाच वाढायला लागली, वाटीनं. तेवढ्यात दुसरंच निघालं. चार दिवस झाले तरी पोट साफ होईना. हाही त्या औषधाचाच गुण. बाईंनी फोनवर सांगितलं, "पाणी वाढवा."

सोमवार आला. हैबती हंड्याजवळ बसला आणि आकडे मोजत दहा तांबे पाणी प्याला. मग आठवडाभर पाण्याचं नाव काढलं नाही. बुधवारी जीभ टाळूला चिकटली, तेव्हा चांगुणानं नाक दाबून पाजलं. पुढच्या सोमवारी पुन्हा दहा तांबे रिचवून तो वजन करायला दवाखान्यात गेला. काटा एकशे सातवर.

"महिना झाला, आणि वाढलं?" बाई म्हणाल्या. चांगुणानं तांब्यांचा हिशेब सांगितला. बाई म्हणाल्या, "पाणी दिवसभर घोट घोट. आणि इथं यायचं ते सकाळी लवकर, रिकाम्या पोटी, अंगावर कमीत कमी कपडे."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

जेठात चांगुणाच्या भावाचा साखरपुडा होता. ती दोन दिवस आधी माहेरी गेली. मुलीकडची माणसं आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती. उजाडता उजाडता कडी वाजली. सासऱ्यानं दार उघडलं. दारात हैबती. अंगावर पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, बाकी काही नाही.

"जावईबापू, कापडं?"

"कापडानं काटा वाढतो, मामा."

"बरं, आत या. च्या घ्या."

"रिकाम्या पोटी यायचं असतं."

मुलीची आत्या तोंडाला पदर लावून माघारी गेली. साखरपुडा झाला. पण मुलीकडच्यांनी आधी विचारून घेतलं, की हे जावई नवऱ्या मुलाच्या रक्ताचे नाहीत ना. सासऱ्यानं जावयाला कोपऱ्यात घेतलं. "मोठ्या माणसाम्होरं जाताना फेटा बांधावा, कोट घालावा. आन रिकाम्या हातानं जाऊ नये."

"असं व्हय, मामा. ध्यानात ठेवतो."

औषध मात्र आपलं काम करत होतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आपण कुणाच्या अंगात शिरलोय. चड्डीची नाडी दोनदा कापावी लागली. हैबती कठडा धरून का होईना, जिना चढायला लागला.

श्रावणात हाडांच्या डॉक्टरांनी बोलावलं. हैबती फेटा बांधून, लग्नातला कोट घालून गेला आणि काट्यावर उभा राहिला. काटा म्हणाला एकशे दोन.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "पाच महिन्यांत चार किलो. नाही जमायचं. पुढच्या वर्षी बघू."

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना तिचं लक्ष नवऱ्याच्या काखेकडं गेलं.

"अवो, ती गुळाची ढेप खाली ठेवा."

"रिकाम्या हातानं यायचं नसतं."

ढेप निघाली, कोट निघाला, फेटा निघाला. वजन एकोणनव्वद भरलं. डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची सकाळ दिली. "ही वेळ चुकली तर मग माघातच," म्हणाले.

नाझरेबाईंना एवढा आनंद झाला की त्या बोलून गेल्या. "हैबतराव, निम्मे लोक दोन महिन्यांत कंटाळतात. वजन काय हातानं ओढून काढता येतं? इंजेक्शन द्यायचं आणि धीर धरायचा. मधेच सोडलं की परत वाढतं."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

हे ऐकलं आणि चांगुणानं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

तिनं भैरोबाला नवस बोलला होता, की ऑपरेशन ठरलं तर नवऱ्याची गुळानं तुला करीन. मंगळवारी देवळात तराजू टांगला. गूळ मालकानं धाडला होता, पण जुन्या वजनाचा, एकशे सहा किलो. पुजाऱ्यानं सगळा एका पारड्यात रचला. दुसऱ्या पारड्यात हैबती बसला आणि अलगद वर गेला.

"गूळ जड हाय," पुजारी म्हणाला.

"कितीनं?"

"सोळा-सतरा किलो."

"माझं बी तेवढंच जादा हुतं," हैबती म्हणाला.

"काढा की मग वरचा," चांगुणा म्हणाली.

"पारड्यात ठिवलं ते देवाचं झालं, बाई. त्यातलं उचलता येत न्हाई. माणसाच्या अंगाला नारळ ठिवायचे. तशी रीत हाय."

चांगुणानं नारळाचं पोतं ओढत आणलं. हैबतीनं दोन्ही हात आडवे धरले. "पाच महिने लागले उतरवायला. आन तू परत वाढवाय निघालीस?"

पुजाऱ्याचा खांदा धरून तो खाली उतरला. पिशवीतलं पेन काढलं. ओल्या कापसानं वरची ढेप पुसली. सुई टोचली, दहापर्यंत आकडे मोजले. मग परत पारड्यात जाऊन मांडी घातली. गुडघा दुखला, पण घातली.

"उतरा," चांगुणा म्हणाली. "उद्या सकाळी ऑपरेशन हाय."

"मधीच सोडायचं न्हाई."

"किती येळ बसणार?"

"पाच महिनं. आन गुळाला घोट घोट पाणी देत जा. मळमळंल."

चार गड्यांनी त्याला उचलून बघितलं, पण त्यानं पारड्याच्या साखळ्या सोडल्या नाहीत. देवळाची तुळई करकरली, तसं पुजाऱ्यानं त्यांना बाहेर काढलं. बुधवारी दवाखान्यातनं तीन फोन आले, चौथा आला नाही. मालकानं दुसरा गडी बघितला. चांगुणा पारड्याखाली बसून वाटीनं भात वर देत राहिली.

शुक्रवारी गुळाला मुंग्या लागल्या. शनिवारी त्यांची रांग देवळाबाहेर, ओढ्यापर्यंत. सोमवारी सकाळी गुळाचं पारडं बोटभर वर आलं.

हैबतीनं वाकून बघितलं.

"चांगुणे, लागू पडतंय," तो म्हणाला. "दुसरं पेन आण. आज सोमवार हाय."