हिरडीची फिर्याद

फौजदार रावराणे गावात रुजू झाले तेव्हा ठाण्यात वर्षभर एकही फिर्याद नव्हती. आधीच्या साहेबांना त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. रावराण्यांनी मात्र चौकात बसून दमदाटी करणारा गुंड उचलला, आणि ठाण्याबाहेर फिर्यादींची रांग लागली. हा पराक्रम ऐकला नाही असा माणूस गावात उरला नव्हता.

साहेबांचा पुढचा दात हलू लागला. तो पडला तर कवायतीतल्या ‘सावधान’मधून नुसती हवा निघाली असती. दातांच्या डॉक्टर इंदुमती सामकांनी तपासून सांगितलं, “हिरड्यांचा आजार खोल गेलाय. साफ करते, पण सिगारेट सोडावी लागेल.”

साहेब कडाडले, “आमच्या हिच्या हिरड्यांतून रक्त येतं, ते म्हणे किरकोळ! माझ्या हिरड्यांतून थेंब नाही, आणि आजार मला? पुरावा दाखवा बाई, नाहीतर पाटी उतरवा!”

“साहेब, तुम्ही आलात तेव्हा ठाण्यात फिर्याद का नव्हती?”

“त्या गुंडानं लोकांची तोंडं...” साहेब मध्येच थांबले.

“धूर तेच करतो. रक्तवाहिन्या आखडतात, हिरडी बोंब मारत नाही, आणि आत हाड झिजत राहतं. तो मोकळा असेपर्यंत माझे उपचारही धड लागू पडणार नाहीत.”

साहेबांची जीभ नकळत हलत्या दाताकडे गेली. मग खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं. “घ्या ताब्यात.”

पुढच्या खेपेला ते धापा टाकत आले. “डॉक्टर, आता रक्त यायला लागलं!”

“येऊ द्या थोडे दिवस,” बाई म्हणाल्या. “रांग लागलीय, साहेब.”