न विचारलेली भाषा

“मग माझी चूक कुठे झाली, बाबा?”

दर्ग्याच्या ओट्यावर बसून निरंजन देवस्थळी हे तिसऱ्यांदा विचारत होता. मकबूलबाबा चिंचेच्या सावलीत काठीच्या मुठीला चिंधी गुंडाळत होते.

निरंजन हुशार. इतका, की कोणाला काही विचारायची त्याला गरजच पडत नसे. सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे सांगणारी वेबसाईट त्याने बनवली होती. पान उघडताच ती आधी विचारायची, मराठी की इंग्रजी? तो प्रश्न त्यानेच काढून टाकला. पान मागतानाच फोन त्यात निवडलेली भाषा वेबसाईटला आपणहून कळवतो, मग माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं?

वत्सला कुमरेचा फोन कोणीतरी वापरून विकलेला. त्यात इंग्रजी तशीच राहिली होती. नवऱ्याला साप चावला तेव्हा तिने घाईघाईने पान उघडलं. समोर इंग्रजी आली. तिला ती वाचता येईना. ती त्याला जवळच्याच दवाखान्यात घेऊन गेली. तिथे लस नव्हती... पुढच्या दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

“मराठी पान तयार होतं,” निरंजन म्हणाला. “पण फोनने इंग्रजी मागितली. मी इंग्रजी दिली.”

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“चिठ्ठी आणलीयस ना?”

त्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी बाबांच्या नावे दिलेली चिठ्ठी त्याने पुढे केली. बाबांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. पोरगा कामाने थकलाय, दोन दिवस विश्रांती द्यावी, बाकी कुशल, एवढंच होतं.

बाबा उठले. त्यांनी चटई अंथरली. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

“झोप.”

“मला झोपायचं नाही, बाबा.”

“चिठ्ठीत विश्रांती लिहिलीय.”

“पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही...”

बाबांनी चटईची दुमडलेली कड हाताने सरळ केली.

“बाकी कुशल, असंही लिहिलंय.”

निरंजनचा धीर सुटला. तो लहान मुलासारखा रडू लागला.

“ती दुसऱ्याने लिहिलीय, बाबा. मी इथे तुमच्यासमोर बसलोय. मला विचारा ना.”

बाबांनी चिठ्ठीची घडी घालून ती त्याच्या हातात परत दिली.

“त्या दिवशी तीही हेच म्हणाली असेल,” ते म्हणाले. “फोनला.”