भाड्याच्या गाडीचं कुंकू

जॉर्जियात भाड्याची पांढरी गाडी ताब्यात मिळताच नलिनीबाई टिपणिसांनी बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"अगं, गाडी आपली नाही," वामनराव ओशाळून पुटपुटले.

"जीव तर आपलेच आहेत ना," बाई म्हणाल्या.

गाडी देणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरने नाक मुरडलं आणि कागदावर तारीख घालून लिहिलं, 'बॉनेटवर लाल डाग, गिऱ्हाइकाने पाडलेला.' त्याखाली वामनरावांची सही घेतली.

पाचव्या दिवशी घाटात वामनरावांनी गाडी दगडी कुंपणावर घातली. दोघं सुखरूप होते, पुढचा दिवा तेवढा फुटला. दुसऱ्या दिवशी गाडी परत करताना ते दिव्याचे पैसे मुकाट्याने देत होते. पण मॅनेजरने बॉनेटवर वीतभर ओरखडा दाखवला, तोही कालच्याच अपघातात धरला आणि सगळी अनामत अडकवून ठेवली. ओरखडा थेट स्वस्तिकातून गेला होता. विमानाला तीन तास होते. वामनराव सहीला वाकले.

नलिनीबाईंनी चष्मा लावला, केसातला आकडा काढला, ओरखड्याच्या तळातून चिमूटभर लाल उकरलं आणि मॅनेजरच्या कागदावर ठेवलं.

"कुंकू पहिल्या दिवसाचं, हे तुम्हीच लिहिलंत. ओरखडा कालचा, हेही तुम्हीच म्हणता. मग कालच्या ओरखड्याच्या तळाशी पहिल्या दिवसाचं कुंकू गेलं कसं?"

मॅनेजरने ओरखड्याची ओळ खोडली, अनामत परत केली आणि बॉनेट पुसायला फडकं उचललं.

"राहू द्या ते," नलिनीबाई म्हणाल्या. "पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल."