नकाशातली बाग

पूर येण्याआधी शहरभर आपोआप भोंगे वाजत. कुंभारघाटाच्या वस्तीत मात्र पाणी थेट उंबऱ्यात येई. या पावसाळ्यात तनुजा तडक पालिकेत गेली आणि भोंगा मागू लागली.

अभियंता सबनीसांनी भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. "पोरी, संगणकाच्या नकाशात तिथे बाग आहे. घरंच नाहीत, तर भोंगा कुणासाठी? संगणक खोटं बोलत नाही."

"बरं," तनुजाने त्यांच्याच सहीचा कागद पुढे केला. "मग घर पाडायची ही नोटीस कोणत्या झाडाला पाठवलीत?"

कारकून फिस्सकन हसले. साहेबांनी घाईने कागदाकडे हात नेला.

"आधी भोंगा, साहेब. पाणी चढतंय."

दुपारीच वस्तीत भोंगा बसला. नोटीस तनुजाने अजून परत दिलेली नाही.