दातडोह

जरा वाकून ह्या डोहाचा तळ बघा. उन्हं तिरपी झाली की दिसत नाही, आत्ता दिसतोय. तळ सगळा पांढरा आहे. नदीचा बाकीचा तळ काळ्या पत्थराचा. वर दोन कोस गेलात तरी काळा आणि खाली बंधाऱ्यापर्यंतही काळाच. मधला एवढा तुकडा गारगोट्यांनी पांढरा झालाय. त्या गारगोट्या नदीनं आणलेल्या नाहीत, माणसांनी आणून टाकल्यात. आमच्या सावरखोरीत ह्या डोहात टाकायच्या गारगोटीला दात म्हणतात, आणि ह्या जागेला दातडोह.

मी सरूबाई. काठावरची ती देवळी झाडते, संध्याकाळी दिवा लावते. देवळीत देव नाही, एक वल्हं आहे. पावसानं कुजलं की गावचा सुतार नवीन करून देतो.

मागे एक सर आले होते, गावोगाव हिंडून शब्द गोळा करणारे. ह्याच पायरीवर बसून म्हणाले, "मावशी, फणीला दात असतात, करवतीला असतात, दाताळ्याला असतात, ते समजतं. पण एखाद्यावर दात असणं, म्हणजे मनात राग धरून बसणं, हा अर्थ दाताला कुठून चिकटला असेल?" मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे तो ह्या पाण्यातून आला असं सांगतात. खरंखोटं बघायला मी नव्हते. माझ्या सासूनं मला सांगितलं, तसं तुम्हाला सांगते.

फार मागे, नदीवर पूल नव्हता तेव्हा, इथे दोघं भाऊ नाव चालवत असत. जातीनं भोई. थोरला हैबती, धाकटा येसू. बाप लवकर गेला होता, म्हणून हैबतीनंच येसूला वल्हं धरायला शिकवलं होतं. नाव एकच होती. एक भाऊ पुढच्या टोकाला, एक मागच्या. दोघं वल्हवू लागले की नाव पाण्यावर आहे हे आत बसलेल्याला कळत नसे म्हणे.

येसूचं लग्न ठरलं होतं. पलीकडच्या गावातली मुलगी होती, तिचं नाव कोणी सांगत नाही. साखरपुड्याला तिच्याकडची माणसं इकडे आली. परतीच्या वेळी वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला असावा, पाण्याचा रंग बदलला. माणसं तीसेक, नाव पंधरांची. हैबती म्हणाला, दोन खेपा करू. येसूला सासरच्यांपुढे मिरवायचं होतं. तो म्हणाला, एका खेपेत नेतो. त्यानं माणसं भरली, दोर सोडला. हैबती पाण्यात उतरला आणि नावेची कड धरून उभा राहिला. "येसू, उतर खाली." येसू उतरला नाही. त्यानं भावाचा हात कडेवरून सोडवायला त्यावर टाच दिली. तेव्हा हैबतीनं दुसऱ्या हातातलं वल्हं उलटं फिरवलं. ते येसूच्या तोंडावर बसलं.

समोरचा एक दात पडला. येसूनं तो थुंकला नाही. तळहातावर घेतला, धुतला, आणि धोतराच्या सोग्याला बांधला.

माणसं दोन खेपांत सुखरूप पोचली. एका खेपेत गेली असती तर काय झालं असतं, हे पाणी बघणाऱ्याला कळत होतं, पण ते कोणी बोललं नाही. मुलीच्या बापानं चार दिवसांनी निरोप पाठवला, की ज्या घरात भाऊ भावाचं तोंड फोडतो त्या घरात मुलगी देत नाही. मुलगी दुसरीकडे दिली. येसूला पुढं कोणी मुलगी सांगून आली नाही, आणि आली असती तरी त्यानं केली नसती असं म्हणतात.

तो पलीकडच्या काठावर राहायला गेला. तिथं खोपट घातलं, स्वतःची लहान नाव केली. दातासाठी कातड्याची इवलीशी पिशवी शिवली आणि गळ्यात घातली. हैबतीनं त्याची समजूत घालायला माणसं पाठवली, स्वतः गेला, दातांच्या कण्या केल्या. येसू एकच गोष्ट करायचा. पिशवी उघडून दात दाखवायचा आणि म्हणायचा, "हा माझ्याजवळ आहे तोवर बोलू नको." लोक म्हणू लागले, येसूचा हैबतीवर दात आहे. तेव्हा ते अगदी शब्दशः खरं होतं.

हैबतीला पुढं एक मुलगी झाली, तुळसा. एकुलती एक. ती मात्र काकाकडे जायची. आजीबरोबर पलीकडे बाजाराला निघाली की येताना काकाच्या नावेत बसायचा हट्ट करायची. येसू तिला नाही म्हणत नसे. सहा वर्षांची असताना तिचा दात पडला. पोरं पडका दात घराच्या आढ्यावर टाकतात. हिनं तो मुठीत धरून नदी ओलांडली आणि काकापुढे हात केला. "तुझा पडलाय ना? हा लाव."

त्या दिवशी येसू तिला पोचवायला अलीकडच्या काठावर उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा पाय ह्या वाळूला लागला. तिचं बोट धरून तो हैबतीच्या अंगणापर्यंत आला. वहिनी, सोनाई तिचं नाव, दारात आली आणि म्हणाली, "भावजी, आत या. भाकरी टाकते." हैबती घरात होता. त्यालाही बाहेर यावंसं वाटलं असेल. पण तो आपणहून आला नाही, आणि येसूचा हात गळ्याकडे गेला. पोरीला दारात सोडून तो मागे फिरला.

असं बारा-तेरा वर्षं चाललं. तुळसा मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावण होता. नदी दोन दिवस चढत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे हैबतीच्या नावेचा दोर तुटला आणि नाव वाहून गेली. त्याच सकाळी तुळसाला कळा सुरू झाल्या.

दुपार झाली तरी सुटका होईना. गावातली सुईण बाहेर येऊन हैबतीला म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातात नाही. पलीकडच्या कुसाबाईचा हात लागला तर वाचेल." कुसाबाई जुनी सुईण होती. आडवं मूल फिरवणारी तेवढी एकच, आणि ती नदीच्या पल्याड.

हैबती काठावर धावला. समोर येसूची नाव बांधलेली दिसत होती, खोपटाच्या दारात बसलेला येसूही दिसत होता. हैबतीनं हाका मारल्या. पुराच्या आवाजात त्याची हाक त्यालाही ऐकू येत नव्हती. मग त्यानं काय करावं? काठावरचं मूठभर गवत उपटलं, दातांत धरलं, दोन्ही हात जोडले, आणि गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला. शरण आलेला माणूस तसा उभा राहतो हे येसूला समजणार होतं.

येसूला ते दिसलं आणि समजलंही. घरात काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, ह्याची नाव गेली, पोट अडलं, म्हणून आज हा वाकला. त्यानं पिशवी उघडून दात हातावर घेतला. चिलीम पेटवली. उभा राहू दे थोडा, असं त्याच्या मनात आलं. थोडाच वेळ. जाणार नव्हता असं नाही, तो जाणारच होता. हे तो पुढं शपथेवर सांगायचा.

चिलीम संपत आली तेव्हा समोर हैबतीच्या बाजूला चार बायका बाज उचलून काठाशी येताना दिसल्या. मागे सोनाई. बाजेवर कोण आहे हे ओळखायला त्याला चेहरा दिसावा लागला नाही. त्यानं चिलीम टाकली आणि नाव लोटली.

तसं पाणी त्याआधी कोणी ओलांडलं नव्हतं. धार त्याला खाली खेचत होती. तो काठाकाठानं बराच वर गेला आणि मग नाव आडवी घातली. तरी लागला तो बाजेपासून शंभर पावलं खाली. हैबतीनं लेकीला हातांवर उचलून आणलं. सोनाई चढली. येसूनं दुसरं वल्हं पुढे केलं, हैबतीनं घेतलं. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. सोनाई पुढं सांगायची, की तेवढ्या पुरात नाव डुचमळली नाही.

तुळसा शुद्धीवर होती. तिनं काकाकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास का." येसू "आलो" एवढंच म्हणाला.

कुसाबाईनं जमेल ते सगळं केलं. मूल फिरलं, पण रडलं नाही. तुळसाही दिवस मावळायच्या आत गेली. हात धुता धुता कुसाबाई म्हणाली, "अर्धी घटका आधी आणली असतीत." तिला काय ठाऊक. बाळंतिणीच्या माणसांशी सुइणी बोलतात तसं ती बोलली.

येसू कुसाबाईच्या अंगणात उभा होता. तो हैबतीपाशी गेला. "दादा, तू पाण्यात गवत धरून उभा होतास. मला दिसत होतास."

हैबती म्हणाला, "मलाही तू दिसत होतास. चिलमीचा धूर दिसत होता."

येसूनं गळ्यातली पिशवी काढली आणि भावाच्या हातात दिली. "आता हा तू ठेव. आता तुझा माझ्यावर."

हैबतीनं ती घेतली. लोकांना वाटलं नव्हतं, पण घेतली. तेरा दिवस त्याच्या गळ्यात होती. तेरा दिवस तो येसूशी बोलला नाही, आणि येसू रोज सकाळी येऊन हैबतीच्या अंगणात बसत होता, पाणीसुद्धा न मागता. चौदाव्या दिवशी हैबती उठला आणि इथं, ह्या डोहात, उतरला. पूर ओसरला होता. येसू त्याच्या मागोमाग काठापर्यंत आला. हैबतीनं दात काढला, थोडा वेळ मुठीत धरला, आणि पाण्यात सोडला.

क्षमा केली असं त्यानं म्हटलं नाही. सासू मला हे दोनदा बजावून सांगायची. तो म्हणाला, "माझ्यानं धरवत नाही. तू कसा धरलास इतकी वर्षं?" येसू वाळूवर बसला आणि रडला, आणि हैबती पाण्यात उभ्या उभ्या रडला. तुळसाचं नाव मात्र दोघांपैकी कोणी घेतलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढं कधीही नाही.

पुढं दोघं मरेपर्यंत एकाच नावेवर होते. माणसं पूर्वीसारखी हसतखेळत बसत नसत, पण बसत असत. येसू आधी गेला. त्याच्या मागे हैबतीनं वल्हं हातात घेतलं नाही; ते इथं दगडात उभं केलं. तेच देवळीतलं म्हणायचं, म्हणजे त्याच्या जागचं.

आजही मार्गशीर्षात पाणी गुडघ्यावर उतरलं की लोक येतात. लांबूनही येतात. ज्याच्या मनात कोणाविषयी काही अडकलंय, त्यानं एक पांढरी गारगोटी तोंडात धरायची, एकट्यानं डोहाच्या मध्यापर्यंत जायचं, आणि जमलं तर सोडायची. जमलं तरच. कितीतरी माणसं पाण्यात उभी राहून गारगोटी तोंडात तशीच घेऊन परत येतात. त्यांना काठावर कोणी काही विचारत नाही, तशी रीत आहे.

मीही दोनदा उतरले आहे. माझा भाऊ आहे, सत्तरी ओलांडलेला. आई जायला टेकली तेव्हा त्यानं मला कळवलं नाही; मी पोचले तर आई स्मशानात गेलेली होती. एवढंच. दोन्ही वेळा मध्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. परवा त्याची सून भेटली बाजारात. म्हणाली, मामंजींना आता नीट ऐकू येत नाही, पण तुमचं नाव काढलं की मान वर करतात.

यंदा पाणी लवकर उतरेलसं दिसतंय.